गुळाचा खडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या मुलींना नाही — आणि देवापुढं हात जोडते तेव्हा तर अजिबात नाही. आज तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही कुणी मोठे लागून गेलात म्हणून नाही. तुम्ही माझ्या घरी कधी जेवायला बसणार नाही, एवढंच.

कागलजवळच्या आमच्या गावात मी अंगणवाडी सेविका होते. मुलांची वजनं केली, खिचडी वाटली, रजिस्टरं भरली. गावातल्या बायका अजून म्हणतात, बाई फार मायाळू. म्हणू देत.

माझी थोरली जाऊ महानंदा. तिला आम्ही आक्का म्हणायचो. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि आक्का निवडून आली. तिला दोन मुली, मलाही दोनच. नियम तुम्हाला ठाऊक असेल — तिसरं मूल झालं की पद गेलं. माझ्या नोकरीलाही हीच भीती. पोरं कमी व्हावीत म्हणून सरकारनं हे केलं म्हणे. कमी झाली? आमच्या घरातली एक तर नुसती कर्नाटकात गेली.

त्याआधी माझं सांगते. मलाही तिसऱ्यांदा दिवस गेले होते. सासूला नातू हवा होता, नवरा तोंड उघडत नव्हता, आणि मी नोकरी धरली. कोल्हापुरात जाऊन पोट पाडून मोकळी होऊन आले. तिसऱ्या दिवशी अंगणवाडीत खिचडी ढवळत उभी होते. वाईट वाटलं का? वाटलं. अजून वाटतं. पण मनाला समजावलं होतं — नियम आहे, तो सगळ्यांना सारखाच असणार.

सारखाच? वर्षभरात आक्काला दिवस गेले. पाठीचं दुखणं काढून ती कर्नाटकात, चिकोडीकडं माहेरी गेली आणि बाळंत होऊनच परत आली. तीही मुलगीच. नोंद भावाच्या आणि भावजयीच्या नावावर. मूल तिकडंच ठेवलं, आक्का दर आठ दिवसांनी भेटायला जायची, आणि वर्ष उलटल्यावर तिला ‘भाची’ म्हणून घेऊन आली. गिरिजा नाव. गावाला संशय होता, पुरावा नव्हता.

घरात रोज शिकवणी चालायची. सासू आक्काकडं बोट दाखवून विचारायची, “ही कोण गं?” पोरगी म्हणायची, “आत्ती.” बरोबर आलं की गुळाचा खडा. चुकून ‘आई’ म्हणाली की गूळ परत डब्यात. झोपताना तिला पदराखाली घेणारी बाई दिवसा तिच्याकडून आत्ती म्हणवून घ्यायची. मी चुलीपुढून बघायचे. मला त्या पोरीची दया येत होती असं समजू नका. मी जळत होते. हिला पदही आणि पोरही — मग मीच का रिकामी झाले?

गिरिजा तीन वर्षांची झाली आणि माझ्याच अंगणवाडीत यायला लागली.

मग मीही पदराच्या गाठीला गूळ बांधून नेऊ लागले. बाकीची पोरं खात असताना तिला कोपऱ्यात घ्यायचे आणि विचारायचे, “तुझी आई कोण?” पहिले दोन दिवस ती घाबरून कागदावरच्या आईचं, म्हणजे मामीचं नाव सांगायची. मी मान हलवायचे, गूळ द्यायचे नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या कानात सांगितलं, “हितं खरं सांगितलं तर चालतंय.” आठवडाभरात पोरगी तयार झाली. शिकवायचं माझं कामच होतं की.

वजनाचा दिवस आला. तालुक्याच्या बाई आल्या होत्या. आक्का सरपंच म्हणून खुर्चीवर बसलेली. निवडणुकीत तिच्याकडून हरलेली बाई नातवाला घेऊन रांगेत. मी गिरिजाला काट्याच्या झोळीत बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “गिरिजा, तुझी आई कुठं हाय गं?”

तिनं खुर्चीकडं बोट केलं. “आई.” आणि लगेच माझ्यापुढं तळहात पसरला.

गूळ माझ्या पदराला होता. दिला असता तर सगळं उघडं पडलं असतं. मी त्या हाताकडं बघितलंच नाही — काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला आणि रजिस्टरात लिहिला.

पुढचं हरलेल्या बाईच्या माणसांनी केलं. तक्रार, चौकशी, माहेरच्या दवाखान्यातले कागद. आक्का अपात्र ठरली. माझ्यावर कुणाचा संशय आला नाही. येणार कसा? घरात गुन्हेगार सापडला होता, तीन वर्षांचा. थोरल्या दिरांनी, तिच्या सख्ख्या बापानं, तिला मारलं — ज्या हातानं बोट दाखवलं त्याच हातावर. मी माझ्या दोन मुलींना जवळ घेऊन उंबऱ्यात उभी होते. एक शब्द बोलले असते तर ते थांबले असते. मी नाही बोलले.

अपिलात ‘भाचीच आहे’ असं म्हणत राहायचं होतं, म्हणून पोर नजरेआड हवी होती. आठ दिवसांत मामा तिला घेऊन गेला. अपील फेटाळलं गेलं, तरी ती परत आली नाही. शाळा कन्नड, बापाच्या जागी मामाचं नाव, दाखले सगळे तिकडचे. सख्ख्या घरात ती पाहुणी झाली.

गेल्या वर्षी गिरिजा कागलच्या एमआयडीसीत कामाला लागली. एका रविवारी माझ्याकडं जेवायला आली. आम्ही दोघीच होतो. जेवता जेवता खाली मान घालून म्हणाली, “काकू, माझ्यामुळंच आत्तीचं पद गेलं न्हवं? मी तवा गप बसले असते तर हितंच वाढले असते की.”

आईला ती अजून आत्तीच म्हणते.

एवढी वर्षं हे तिनं स्वतःच्या डोक्यावर वाहिलं होतं. आणि ते काढून घ्यायला माझं एक वाक्य पुरलं असतं. घरात तिसरं माणूस नव्हतं. अडवणारं कोण होतं?

मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. म्हणाले, “ल्हान होतीस तू. ल्हान लेकराचं कोण मनावर घेतंय?”

तिनं डोळे पुसले. मी तिला माफ केलं होतं ना. निघताना ती वाकून माझ्या पाया पडली, आणि मी पाय मागं घेतले नाहीत.