पाव्हणं वर, माल खाली

नांदेडच्या त्या साइटवर लोक मला दोन कारणांनी ओळखायचे. बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर माझ्याइतकं सपाट कुणाचं येत नसे, हे एक. आणि सेफ्टी बेल्टचा हुक मी एकदा दोराला लावायचं सोडून मालाच्या बादलीला लावला होता, हे दुसरं. बादली पडली तर मुकादम शिव्या देतो, मी पडलो तर शिव्या ऐकायला मी नसणार, असा माझा साधा विचार. त्या दिवशी त्या उंचीवर सगळ्यात सुरक्षित कुणी होतं तर ती बादली. पहिलं कारण लोक विसरले, दुसरं नाही.

माझा जोडीदार म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. लातूरकडच्या मुरुडजवळच्या आमच्या गावातून आम्ही एकाच एसटीनं आलो आणि भिंतीला लावलेल्या परांचीच्या एकाच फळीवर उभे राहिलो. तो थापीनं माल मारायचा, मी त्यावर रंधा फिरवून तो सपाट करायचो. त्याच्या हाताला घाई नव्हती आणि माझ्या तोंडाला थांबा नव्हता, त्यामुळे जोडी जमली.

मग उन्हाळ्यात शेजारच्या इमारतीवरून एक सेंट्रिंगवाला पडला. जीव वाचला, पण माणूस कामावर परत आला नाही. आम्ही दोघांनी त्याला पडताना पाहिलं होतं. त्यावर आम्ही एक अक्षर बोललो नाही. मी नेहमीपेक्षा जास्त विनोद करू लागलो आणि मेहुणा जेवेनासा झाला. पत्र्याच्या खोलीत पहाटे डोळा उघडला की तो भिंतीला टेकून बसलेला दिसायचा. फळीवर उभं राहिलं की फळी बारीक हलायची. आधी मला वाटलं माझेच पाय. मग मी पाय घट्ट रोवून पाहिले, तरी हलत होती. म्हणजे दोघांचेही.

कंपनीनं त्यानंतर एक चांगली गोष्ट केली. एक मॅडम आल्या, सावलीत सगळ्यांना बसवून म्हणाल्या, ताप येतो तशी भीतीही येते, लाजायचं नाही. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी साहेब विचारतील. कुणाला चक्कर, धास्ती, झोप नसणं, काही असेल तर हात वर करायचा. त्याला त्या दिवशी खालचं काम मिळेल आणि हजेरी पूर्ण लागेल. सकाळी साहेब विचारायचे आणि सगळी माणसं आपापल्या चपलांकडे बघायची. इतका सुखी गट मी आयुष्यात पाहिला नाही.

एका संध्याकाळी चहाच्या गाड्यावर मेहुण्यानंच विषय काढला.

"दाजी, उद्या तुम्ही हात वर करा. तुमच्या पाठोपाठ मी करतो. दोघं म्हणल्यावर कोण काय म्हणंल?"

एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा मोकळं बोलला होता. मला इतका आनंद झाला की त्याचा चहाही मीच पिऊन टाकला.

सकाळी मी हात वर केला. निवडणुकीला उभं राहिल्यासारखा, ताठ. साहेबांनी विचारलं, काय होतं? मी सांगितलं, वर गेलं की पाय लटपटतात, तो माणूस डोळ्यांपुढून जात नाही. मागून कुणीतरी म्हणालं, बादलीला विचारा साहेब, खरं हाय का. सगळे हसले. मी पण हसलो आणि दुसऱ्या हाताची वाट बघत राहिलो. मेहुणा थापीवरचा सुकलेला माल नखानं खरवडत होता. फार मन लावून.

साहेब त्याच्याकडे वळले. एकाच फळीवर असता तुम्ही, तुम्हाला होतं का असं?

"न्हाई साहेब. मी ठीक हाय. दाजी पहिल्यापासूनच जरा हलके हायेत डोक्यानं."

कंपनीनं शब्द पाळला, मला खालचं काम मिळालं. माल कालवायचा, बादलीत भरायचा आणि कप्पीवरून वर ओढायचा. वर मेहुणा एकटा. दुपारी ऊन भिंतीवरून उलटं तोंडावर येत होतं तेव्हा मी मान वर केली. त्यानं डाव्या हातानं परांचीचा पाइप कवटाळला होता आणि उजव्यानं भिंतीवर अंदाजानं माल फेकत होता. बेल्टचा हुक कमरेमागं मोकळा लोंबत होता. फळी मला खालूनही हलताना दिसत होती.

मी ओरडलो, पाव्हणं, हुक लावा. त्यानं ऐकलं नाही, किंवा पाइप सोडून हात मागं न्यायची त्याची हिंमत झाली नाही. मुकादमाला म्हणालो, त्याला खाली घ्या. मुकादम म्हणाला, तू भितोस म्हणून सगळ्या गावाला भिववतो का?

रागानं मी पेटलो होतो. सकाळचं तोंडात कडू होतं. तरी डोळे वरून हटेनात. शेवटी मी एवढंच केलं की माल बंद केला. प्लास्टरवाला मालाशिवाय वर काय करणार, भिंतीशी गप्पा?

"माल," वरून आवाज आला.

"कालवून राहिलो."

थोड्या वेळानं पुन्हा, माल. मी सांगितलं, सिमेंट संपलं. माझ्या पाठीमागं सिमेंटच्या पोत्यांची थप्पी होती, तिलाच टेकून मी हे सांगत होतो. त्यानं वरून माझ्या सात पिढ्या काढल्या. शेवटी एकेका पाइपला मिठी मारत खाली उतरला, पिंपाजवळ बसला आणि डोक्यावर पाणी ओतत राहिला.

तेवढ्यात साहेब आले. काम का थांबलं? मला वाटलं, आता तरी हा बोलेल. पाणी निथळत होतं, तांब्या हातात खडखडत होता, यापुढं काय सांगायचं बाकी होतं?

"हे मालच देत न्हाईत साहेब. खाली काम मागून घेतलं अन् बसून राहिले. बघाया मलाच उतरावं लागलं."

पोती सगळ्यांना दिसत होती. माझी बाजू मांडायची तर मेहुण्याचे लटपटणारे पाय सगळ्यांना दाखवायला लागले असते. मी गप्प बसलो, जे मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. मॅडमच्या सवलतीचा गैरफायदा घेतला म्हणून मला त्याच दिवशी काढलं. सकाळचा तो प्रश्नही दुसऱ्या दिवसापासून बंद झाला, असं नंतर कळलं.

लातूरच्या गाडीत बसवायला मेहुणा स्टँडवर आला होता. खिडकीशी उभा राहून त्यानं मला केळी दिली. मी विचारलं, असं का केलं?

"दाजी, तुम्हाला लोक रोजच हसतात. तुम्हाला त्याचं काय? मला हसले असते तर मी पुन्हा वर चढू शकलो नसतो."

मी एक केळं सोललं.

आता मी मुरुडला घरोघरी फरशी बसवतो. गुडघ्यावरचा धंदा, इथून पडायचं म्हटलं तरी जागा नाही. मेहुणा अजून उंचावरच काम करतो. त्याचा फोन आला की बायको आधी भरभरून बोलते आणि मग मला देते. मी एकच विचारतो, झोप लागते का.

"हाव, लई झ्याक लागती," तो म्हणतो.

बायको हातवारे करून विचारते, काय म्हणाला? मी सांगतो, ठीक हाय म्हणतो. ती निर्धास्त होते आणि स्वयंपाकाला लागते. मला त्या रात्री झोप लागत नाही.