डांबरगोळ्यांची शाल

वैनी ओली बाळंतीण होती तेव्हा आईने तिला केरसुणीच्या मुठीने मारलं. पोर बारशाआधीच गेलं होतं.

"तुझ्या रक्तातच खोट आसा! खाल्लंस गो माझ्या नातवाक!" आई ओरडत होती आणि मारत होती. भाऊ मुंबईला गिरणीत, वडील कधीच वारलेले. मिठबावातल्या आमच्या वाडीच्या बायका दारात उभ्या राहून चुकचुकल्या, सोडवायला एक पुढे येईल तर शपथ. मी मधे पडले तर माझ्याही कानशिलात बसली. संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या आधीची ही गोष्ट. त्या बायकांचा मला आजही राग येतो.

पोर जन्मलं ते चांगलं धडधाकट, घर डोक्यावर घेणारं. आमच्याकडे तान्ह्याला नवं कापड लावत नाहीत. जुनेरात गुंडाळलं की आयुष्य वाढतं म्हणे. आईने ट्रंकेतून स्वतःची जुनी लोकरी शाल काढली. भावाने मुंबईहून पाठवलेल्या डांबरगोळ्या तिच्या घड्यांत वर्षभर पडून होत्या. दिवस पावसाचे, ऊन दाखवणार कुठून? दोनतीन दिवसांत पोर हळदीसारखं पिवळं झालं, लंगोट कोऱ्या चहाच्या रंगाचे भिजू लागले. दृष्ट काढली, काविळीची माळ बांधली. काही उपयोग झाला नाही.

पुढे मी हट्टाने बेळगावला रसायनशास्त्र शिकायला गेले. एका तासाला सरांनी फळ्यावर ग्लुटाथायोन काढलं. तीन अमिनो आम्लांचा एवढासा रेणू, मधल्याच्या टोकाला गंधक. तांबड्या पेशीवर येणारे घाव हा स्वतःवर घेतो. गंधकाजवळचा हायड्रोजन देऊन टाकतो, मग असे दोन रेणू गंधकाला गंधक अडकून निकामी होतात. त्यांना सोडवून परत कामाला लावायचं तर पुन्हा हायड्रोजन लागतो, आणि तो पुरवणं एका विकरावर, म्हणजे एन्झाइमवर, अवलंबून असतं. काही मुलांत ते विकरच अधू असतं. अशा तान्ह्याच्या अंगात डांबरगोळीची वाफ शिरली की ग्लुटाथायोन भराभर संपतं, मार खायला कुणी उरत नाही आणि पेशी फुटत सुटतात. त्यातूनच कावीळ, त्यातूनच काळी लघवी. मला वर्गात बसवेना. वैनी पुन्हा गरोदर होती. मी तडक एस.टी. पकडली.

"आये, पोरग्याक तुझ्या शालीन मारल्यान!" चपला न काढताच मी म्हणाले. मग दोघींना जमेल तितक्या सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. सगळं ऐकून आईने एकच विचारलं, "ता अधूपण येता खंयसून?"

खोटं बोलता आलं असतं. पण मुलग्यात ते येतं आईकडूनच.

"आवशीकडसून," मी म्हणाले.

"बघ! रक्त तिचाच मा!"

माझं डोकं फिरलं. समोरची कळशी मी लाथेने उडवली. "आणि शाल कोणाची? गोळ्यो कोणी घातल्यो?"

आईने माझ्यावर उलथणं उगारलं. वैनीने तिचं मनगट धरलं आणि असं पिरगाळलं की उलथणं खाली पडलं. आई कळवळून खाली बसली. इतक्या वर्षांत वैनीने तिच्यापुढे मानही वर केली नव्हती.

मग ती माझ्याकडे वळली. "तो थंड पडत गेलो तशी मी ती शाल घट्ट गुंडाळत गेलंय, बाय. शेवटाक तोंडावरसून पण घेतलंय. वारो लागात म्हणान."

मी रडत काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तिने मला सणसणीत थोबाडीत दिली. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आईपेक्षा तिचा हात जड होता.

"रडतंस कित्याक?" ती म्हणाली. तिचा दुसरा हात पोटावर होता. "आता येतलो त्येका कसो वाचवूचो, ता सांग."

गाल चोळत मी पहिल्यापासून सांगू लागले.