सव्वा इंच

माझ्या गाडीच्या चाकाच्या वर, चाक आणि पत्रा यांच्यामध्ये, चार बोटं सहज जायची. ही फट मला सलायची. दिसायला पुढून वाघ असलेली, टर्बो इंजिनाची सेडान, आणि बाजूनं पाहिलं की पायजमा आखूड झालेला माणूस. आपल्याकडच्या रस्त्यांसाठी कंपन्या गाड्या मुद्दाम उंच ठेवतात, हे मला कळतं. कळलं म्हणून सलायचं थांबत नाही.

मी नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात सूत तपासते. सुताची जाडी, पीळ, ताकद, सगळं मोजायचं आणि पास किंवा नापास लिहायचं. एकोणीस वर्षं तेच. लग्न केलं नाही, गाडी घेतली. त्यामुळे बडनेऱ्यातल्या आमच्या कॉलनीत माझ्याबद्दल जी काही मतं आहेत ती दोन्ही कारणांनी आहेत.

तर मी गाडी खाली करायची ठरवली. मूळच्या स्प्रिंगा काढून बाहेरच्या कंपनीच्या आखूड, कडक स्प्रिंगा बसवायच्या, की गाडी सव्वा इंच खाली बसते आणि वळणावर झुकत नाही. पार्सल आलं. चार लालभडक स्प्रिंगा. मी त्या बैठकीत सतरंजीवर मांडून ठेवल्या आणि बाबांना बोलावलं.

बाबांना स्प्रिंग दाखवणं ही साधी गोष्ट नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी बडनेऱ्याच्या यार्डात मालगाडीचे डबे तपासले. हातोडी घेऊन एकेका चाकाला, एकेका स्प्रिंगेला ठोकत जायचं. आवाज खोटा आला की डब्यावर खडूनं खूण, आणि तो डबा गाडीतून बाहेर. वरचा साहेब ओरडला तरी बाबांनी नापास डब्याला ‘फिट’ म्हटलं नाही. याच यार्डात एकदा त्यांचा डावा गुडघा फुटला. तेव्हापासून तो नीट वाकत नाही, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर उजवाही त्याच्या वळणावर गेला आहे.

बाबांनी एक स्प्रिंग उचलली, नखानं टिचकी मारली, ऐकलं.

“माल चांगला हाय,” म्हणाले. “किती खाली जाईन?”

“सव्वा इंच.” मिलिमीटरवर त्यांचा विश्वास नाही. “चालते ना बाबा?”

“गाडी तुयी हाय. मले काय विचारून राहिली?”

मी विचारलं होतं, हे इथं नोंदवून ठेवते. पुढं मला या विचारण्याचा बराच आधार वाटत राहिला.

बाबांच्या दृष्टीनं या गाडीचं काम एकच होतं. दर दुसऱ्या रविवारी त्यांना अकोल्याला नेणं. तिथं माझी आत्या, त्यांची थोरली बहीण, दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहे. फोनवर तिला ऐकू येत नाही. बाबा तिच्या पलंगाशी बसतात, तिच्या हातापायांची नखं कापतात आणि दोघं जुन्या भांडणांची उजळणी करतात. एसटीची पायरी बाबांना चढवत नाही. रेल्वेत जन्म गेला, पण स्टेशनाचा जिना आता होत नाही. राहिली माझी गाडी. तीत बसण्याची त्यांची एक पद्धत होती. आधी पाठमोरं व्हायचं, टपाला धरायचं, हळूच सीटवर टेकायचं आणि मग डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवायचा. या सगळ्यात कुणी हात लावला की खेकसायचे.

मिस्त्रीही अकोल्याचाच निवडला. त्याचं गॅरेज रविवारी उघडं असतं, आणि अमरावतीत ज्या दोघांना विचारलं त्यांनी “मॅडम, साहेबांशी बोलणं करून द्या” म्हटलं होतं. या मिस्त्रीनं साहेब कुठायत हे विचारलं नाही. पंधरा दिवसांनंतरचा रविवार दिला.

त्या पंधरा दिवसांत आमच्या घरी एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. घरापुढच्या ओट्यावर एक लाकडी स्टूल असतं. बाबांनी त्यावर रद्दीतले पेपर रचले आणि त्या गठ्ठ्यावर बसायला लागले. नुसते बसायचे नाहीत. बसायचे, उठायचे, परत बसायचे. मला वाटलं टोचत असेल, म्हणून मी पेपर काढून उशी ठेवली.

“कोनं काढले माये पेपर?” असा काही आवाज आला की शेजारीण भिंतीवरून डोकावली.

मी पेपर परत ठेवले. तर म्हणे, मोजून ठेव. रद्दी मोजून? मी तसेच रचून दिले. पण गठ्ठा रोज कमी होतोय, हे माझ्या लक्षात येत होतं. सकाळी चहा घेताना तो मला आदल्या दिवसापेक्षा ठेंगणा दिसायचा. मोजमापाचंच खातं माझं. पण कमी का होतोय, ते काही केल्या कळेना. विचारलं तर “व्यायाम हाय” एवढंच. एकदा मी कारखान्यातून आले तेव्हा ते स्टुलावर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड लाल. “काय झालं?” तर “काई नाई. तू जाय, च्या मांड.” मला वाटलं, वय झालं. बापाच्या बाबतीत काही कळेनासं झालं की हे एक उत्तर हाताशी असतं.

ठरलेल्या रविवारी आम्ही निघालो. बाबांच्या मांडीवर कापडी पिशवी होती, चांगली जड. आत्यासाठी पपया असतील असं मी धरून चालले. मूर्तिजापूरला चहा प्यायलो तेव्हाही त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही.

अकोल्याला पोचल्यावर त्यांनी मला पहिला धक्का दिला. “तू जाय आत्याकडे. मी बसतो गॅरेजात.”

“अहो, तुमची बहीण वाट पाहते तिथं!”

“स्प्रिंगचं काम हाय. कोनी पाहाले पाह्यजे.”

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझ्या हौसेला बाबांनी इतकं मनावर घ्यावं! मी ऑटोनं आत्याकडे गेले. आत्यानं माझ्या मागं दाराकडे बराच वेळ पाहिलं.

“तुहा बाप कुठी हाय वं?”

“गॅरेजमधी. गाडी पाहून राहिले.”

तिनं पांघरुणातून दोन्ही हात काढले आणि वाढलेली नखं मला दाखवली. मी म्हटलं, मी कापते. तिनं हात परत आत घेतले.

तीन तासांनी मी गॅरेजवर आले तर काम झालेलं होतं. बाबा खुर्चीवर, कापडी पिशवी घडी करून खिशात. पपया गॅरेजवाल्याला दिल्या की काय, असं मनात येऊन गेलं. मी धावत चाकाशी गेले आणि बोटं घातली. तीन बोटं गेली, आणि वर थोडी जागा उरली. म्हणजे गाडी करंगळीभरही खाली गेली नव्हती.

“नई स्प्रिंग है मॅडम,” मिस्त्री म्हणाला. “बसाले टाइम लागते. चारपाचशे किलोमीटर चलने दो.” हे बोलताना तो माझ्याकडे न बघता पाना पुसत होता.

मी चारशे किलोमीटर चालवली. सातशे चालवली. रोज कारखान्यातून आल्यावर टेप घेऊन चारही चाकं मोजायची आणि वहीत लिहायची. आकडे हलत नव्हते. पहिला संशय आला की मिस्त्रीनं स्प्रिंगा बदलल्याच नाहीत. टॉर्च मारून पाहिलं तर आत लाल रंग दिसत होता. मग वाटलं, कंपनीनं चुकीचा माल पाठवला. इंटरनेटवरच्या गाडीवेड्यांच्या एका ग्रुपवर विचारलं. एकानं सांगितलं, चाकं अधांतरी असताना बोल्ट आवळले असतील, त्यानं गाडी पुरती खाली बसत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, ताई, टेप बदला. मी टेपही बदलली. रात्री झोपताना वाटायचं, मीच तर बदलले नाही ना? जे समोर आहे ते मला दिसत नाहीये, अशी काहीतरी भावना. कारखान्यात एकदा चांगलं सूत नापास करून बसले.

शेवटी बाबांना म्हटलं, तुम्ही पाहा.

ते टॉर्च घेऊन आले. चारही चाकांशी, जमेल तेवढं वाकून, त्यांनी आत पाहिलं. बोटानं पत्र्यावर ठोकलं. मग सरळ झाले.

“फिट हाय,” म्हणाले.

बाबांनी फिट म्हटल्यावर विषय संपला. मी वही बंद केली.

महिनाभरानं अमरावतीत मागचं चाक पंक्चर झालं. टायरवाल्यानं चाक काढलं, आत डोकावला आणि हसला.

“मॅडम, गाडी खाली कराच्या स्प्रिंगा लावल्या, अन त्यात गाडी वर कराचे रबर कावून टाकले?”

लाल वेटोळ्यांच्या मध्ये एक जाडजूड काळं रबराचं कडं बसवलेलं होतं. उंच गाडी आणखी उंच करायला लोक टाकतात, तसलं. काय शोधायचं ते कळल्यावर बाकीच्या तीन चाकांतही तेच दिसलं.

मी तिथूनच मिस्त्रीला फोन लावला आणि जे तोंडात आलं ते बोलले. चोर म्हटलं. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “मॅडम, रबर आमचा नाही. तुमचे वालिद घेऊन आले थैलीत. मला म्हणाले, मुलीची स्प्रिंग पन राहू द्या अन हे पन टाका. बुजुर्ग आदमी, मैं क्या बोलता?”

बडनेऱ्यापर्यंतचा रस्ता मी कसा कापला ते आठवत नाही. राग होता. महिनाभर मला वेडं ठरवलं याचा, आणि त्या ‘फिट’चा तर जास्तच. बाबा ओट्यावर होते. त्याच स्टुलावर, खाली पेपर.

“बाबा, थे रबर तुमी टाकाले लावले?”

“हो.”

“काहून? मले सांगाचं ना मंग! मी विचारलं होतं तुमाले!”

“विचारलं होतं. म्हून तं नाई म्हनता नाई आलं. एवढ्या हौशेनं मांडून ठिवल्या होत्या तू.”

मी ओट्याच्या पायरीवर बसले.

“तू सव्वा इंच म्हनली. मी पेपर मोजले. सव्वा इंचात अकरा पेपर बसते. स्टूल धरून तुया गाडीच्या सीटएवढी उंची केली, अन रोज एक पेपर काढला. म्हनलं, सवय करू. सात निघाले. आठव्याले उठता आलं नाई. चार दिवस करून पाह्यलं.” त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, जणू चूक त्याची होती. “मंग म्हनलं, अकोल्याले कसं जाईन मी?”

राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मला त्या गठ्ठ्यावर ठेवलेली माझी उशी आठवली, आणि त्यांचं लाल झालेलं तोंड, आणि ‘तू जाय, च्या मांड’. डोळ्यांसमोर सगळं होतं. रोज पाहत होते. मी गाडीबद्दल विचारलं होतं. गुडघ्याबद्दल कधी विचारलंच नव्हतं.

“अन आता?” मी विचारलं. “आता किती निघते?”

बाबांनी खालचा गठ्ठा चाचपला.

“आता पाचावरच अडते,” म्हणाले.

पुढच्या रविवारी मी त्यांना आत्याकडे सोडलं आणि एकटी गॅरेजवर गेले. मिस्त्रीची माफी मागितली. म्हटलं, लाल स्प्रिंगा काढा, कंपनीच्या परत बसवा. त्यानं मान हलवली. “और रबर?”

“रबर राहू द्या.”

“मॅडम, गाडी पहले से भी उपर जाईन.”

“जाऊ द्या.”

गाडी खाली उतरवल्यावर मी चाकावर हात घातला. पाच बोटं, म्हणजे अख्खा पंजा, आरामात गेला. इतकी भिकार दिसणारी गाडी मी आयुष्यात पाहिली नाही. लाल स्प्रिंगा डिकीत टाकल्या. आता त्या माझ्या पलंगाखाली आहेत, आणि त्या कशासाठी ठेवल्यात हे मी स्वतःलाही सांगू शकत नाही.

संध्याकाळी आत्याच्या दारात गाडी लावली. आत्याची नखं कापून झालेली होती. बाबा बाहेर आले, थांबले आणि यार्डात डबा न्याहाळायचे तसे त्यांनी गाडीला पुढून मागं न्याहाळलं. त्यांना सगळं कळलं असणार.

“वंगाळ दिसून राहिली वं,” म्हणाले.

“हो,” मी म्हटलं. “बसा.”

ते पाठमोरे झाले, टपाला धरलं आणि टेकले.