येळवशीच्या दिवशी लागलेली स्थळपाहणी

"या खेपेला जेवायला येऊ नकोस शुभे, बसायला ये," महादेवी फोनवर म्हणाली, आणि मी त्याच संध्याकाळी पुणे-सोलापूरचं तिकीट काढलं.

महादेवी माझी शाळेपासूनची मैत्रीण. सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर बसायचो. मी शहरातली, ती वसतिगृहातली. लग्न होऊन ती अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावात गेली, तिथल्याच शाळेत तिने मुलांना शिकवलं आणि आता निवृत्त होऊन शेती बघते. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रकरण अजून मिटलेलं नाही.) दर वर्षी मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, ती मला बोलवायची. तिच्याकडे या सणाला येळवस म्हणतात. त्या दिवशी अख्खं गाव दारांना कुलपं लावून शेतात जातं, पिकात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारून पूजा करतं आणि दिवसभर तिथेच जेवतं. वाटेने चाललेल्या अनोळखी माणसालाही उपाशी पुढे जाऊ देत नाहीत. मी दर वर्षी येते म्हणायचे आणि दर वर्षी काहीतरी निघायचं.

यंदा काम वेगळं होतं. जवळच्या शहराच्या नगरपालिकेला नव्या कचरा डेपोसाठी जागा हवी होती. त्यांनी पसंत केलेलं गायरान महादेवीच्या बांधाला लागून आहे आणि बांधावर तिची विहीर आहे. तिची सगळी वस्ती याच विहिरीचं पाणी पिते. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून दोनशे मीटरच्या आत कचरा पुरता येत नाही, हा नियम तिने शोधून वाचला होता. पण उताऱ्यावर विहिरीची नोंद सिंचनासाठी अशी. नगरपालिकेची माणसं जागेची पाहणी करून पंचनामा करणार होती, आणि हरकत असेल त्यांनी अकरा वाजता ग्रामपंचायतीत हजर राहावं, अशी नोटीस लागली होती. तारीख नेमकी येळवशीची.

"तारीख बदलून माग की," मी म्हटलं.

"मागितली. नवे मुख्याधिकारी कोकणातले आहेत. म्हणाले, त्या दिवशी सुट्टी नाही."

"मग तुमच्यातलं कुणीतरी गावात थांबा."

"येळवशीला?" ती म्हणाली. घर पेटवून द्या म्हटल्यासारखा तिचा आवाज झाला. "तू पाव्हणी. तुझं शेत नाही. तू बस."

सकाळच्या गाडीने निघालात तर दुपारच्या जेवणाला सोलापूर गाठता येतं. डाव्या बाजूची खिडकी मिळते का बघा. भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी दिसतं आणि या दिवसांत त्यावर पक्षी असतात. कुर्डुवाडीला चहावाला चढतो, त्याचा चहा घ्या, वडा सोडा. सोलापुरात स्टेशनजवळच्या एका साध्या खाणावळीत मी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वांग्याची भाजी खाल्ली. खर्च इतका कमी की पुण्यात तेवढ्यात कॉफीही येत नाही.

एस.टी. स्टँडकडे रिक्षाने जाताना शाळेवरून गेले. फाटक तेच, रंग निराळा. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी महादेवीचे वडील वसतिगृहात आंबिलीचं मडकं घेऊन यायचे. ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेलं, वर लसूण. एका वर्षी आमच्या केरळच्या सिस्टरनी झाकण काढून वास घेतला आणि मडकं सरळ मदर सुपीरियरच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांना वाटलं, बापच लेकीला दारू पाजतो. बिचारे वडील धोतराचा सोगा धरून उभे, त्यांना इंग्रजी येईना, सिस्टरना कानडी येईना. शेवटी महादेवीने मदरच्या समोर अर्धं मडकं पिऊन दाखवलं आणि सरळ चालून दाखवलं. रिक्षात मी एकटीच हसत होते, रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

अक्कलकोटपर्यंत एस.टी. भरपूर आहेत, रस्ता आता छान झाला आहे आणि बायकांना अर्धं तिकीट. पुढे मात्र वडाप, म्हणजे माणशी भाड्याने भरून जाणारी जीप. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोथिंबिरीची जुडी आणि पायाशी चुन्याची पिशवी होती. उद्याच्या पूजेची तयारी. शहराबाहेर पडलो तसा ड्रायव्हर म्हणाला, "काच वर घ्या मावशी. आलं आमचं हिल स्टेशन."

तो त्याच नगरपालिकेचा जुना कचरा डेपो. रस्त्याच्या कडेला एक राखाडी डोंगर, त्यातून धूर निघत होता. बाभळींवर फुलं असावीत तशा प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकल्या होत्या. दोन शेतं ओलांडली तरी वास सुटला नाही.

"आदी हितं खड्डा व्हता," ड्रायव्हर म्हणाला. "आमी ल्हान असताना पवायचो त्येच्यात."

"आजूबाजूला विहिरी नाहीत?"

"हायत की. पानी बी हाय. पितंय कोन?"

मागे बसलेली बाई म्हणाली, "जनावरं बी तोंड लावनात." मला तोवर हे मैत्रिणीचं काम वाटत होतं. त्या वासातून बाहेर पडेपर्यंत ते माझं झालं.

सकाळी जाग आली तर गाव निघालंच होतं. बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटरसायकलवर चौघं चौघं, बायकांच्या डोक्यावर टोपल्या. महादेवी नऊवारी नेसून, डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन उभी होती. साठीच्या पुढची बाई, पण चाल अजून तशीच सरळ. तिचे दीर शिवाप्पा कुलूप लावता लावता मला म्हणाले, "काय वो ताई, सायबासंगं इंग्लिशमदी भांडनार जनू?"

"मराठीत भांडते. त्यांना कळायला पाहिजे."

"तेबी खरं हाय. कोकनातलं मराठी कळतंय का आपल्याला?"

ते गेले. गावात मी आणि कुत्री उरलो. ग्रामपंचायतीलाही कुलूप होतं. मी पायरीवर रुमाल टाकून बसले. एवढं रिकामं गाव मी कधी पाहिलं नव्हतं. एका घरात कुकरची शिट्टी नाही, रेडिओ नाही.

जीप आली. मुख्याधिकारी माझ्या मुलाच्या वयाचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. बरोबर स्वच्छता निरीक्षक, हातात नकाशा आणि मोजणीचा टेप.

"गावात कुणीच नाही?" साहेबांनी विचारलं.

"सगळं गाव आहे. शेतात आहे. आज येळवस."

निरीक्षक हळूच म्हणाले, "मी बोललो होतो साहेब."

"हरकतदार अनुपस्थित, असं लिहावं लागेल."

"मी उपस्थित आहे," मी उठून उभी राहिले.

"आपण इथल्या रहिवासी?"

"नाही. पुण्याची."

"मग आपली हरकत घेता येत नाही, मॅडम." ते सभ्यपणे म्हणाले, आणि ते खरंही होतं.

"माझी घेऊ नका. पण स्थळपाहणी स्थळावरच होते ना? जिथं तुम्हाला जायचंय तिथंच सगळे हरकतदार बसलेत. मी फक्त वाट दाखवते."

त्यांनी निरीक्षकांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि जीपचं दार माझ्यासाठी उघडलं.

नकाशावर ते गायरान म्हणजे एक कोरा चौकोन होता. प्रत्यक्षात त्याच्या कडेने शेताशेतात माणसं. गुडघ्याएवढी ज्वारी, पिवळी करडई, मध्ये कडब्याच्या कोपी, त्यांत चुन्याने रंगवलेले पाच दगड. कडुलिंबाच्या झाडाला झोका बांधलेला आणि त्यावर चाळिशीच्या दोन बायका. आम्ही बांधावर पाय ठेवला तशी महादेवीची जाऊ उठली, "बर्री, बर्री, कूडरी," आणि घोंगडी झटकून पसरली. म्हणजे या, बसा. क्षणात पत्रावळी आल्या: बाजरीचे वाफवलेले उंडे, भाकरी, सगळ्या डाळी-शेंगा-पालेभाज्यांची ती घट्ट भज्जी, खीर, आंबील.

"नको," साहेब उभेच राहिले. "पाहणीच्या दिवशी मी कुणाकडे काही घेत नाही. उद्या म्हणतील, जेवून अहवाल लिहिला."

मला ते पटलं, खरं सांगते, आणि त्यांच्याबद्दल आदरही वाटला. पण महादेवीचा चेहरा पडला. शिवाप्पा पुढे आले. "सायेब, डेपो हितंच करा पायजे तर. पन आज उपाशी जाऊ नगा. लई वंगाळ दिसतंय त्ये."

"भाऊजी," महादेवी म्हणाली, "डेपो इथं करा म्हणू नका. ते लिहून घेतील."

निरीक्षक हसले, साहेबही थोडं हसले, पण बसले नाहीत. नियम त्यांचाही होता आणि यांचाही. ऊन चढलं होतं, त्यांच्या कपाळावर घाम होता. महादेवीने तांब्या पुढे केला. "पाणी तरी घ्या."

पाण्याला कोण नाही म्हणतं? ते तांब्या वर धरून घटाघटा प्यायले. "गोड आहे. जारचं का?"

"नाही. विहिरीचं."

"कुठली?"

तिने मागे बोट केलं. वस्तीतल्या दोघी तिथं घागरी भरत होत्या. साहेबांनी नकाशा उलगडला, बोट फिरवलं. "ही तर सिंचनाची विहीर आहे."

"कागदावर आहे. पण आत्ता तुम्ही प्यायलात, साहेब. तेवढंच लिहा."

ते तांब्याकडे बघत राहिले. शिवाप्पा काही बोलणार होते, महादेवीने हातानेच थांबवलं. मग साहेब निरीक्षकांना म्हणाले, "टेप काढा."

विहिरीच्या कठड्यापासून गायरानाच्या हद्दीपर्यंत टेप ताणला. बायका झोक्यावरून उतरून बघायला आल्या. नियमातल्या अंतराच्या निम्मंसुद्धा भरलं नाही. विहिरीचं पाणी वस्ती पिण्यासाठी वापरते, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं, पंच म्हणून शिवाप्पा आणि घागर भरणारी एक बाई यांनी सह्या केल्या. सही करताना ती म्हणाली, "हात वला हाय, कागुद भिजंल." निरीक्षकांनी आपला रुमाल दिला.

निघताना साहेब महादेवीला म्हणाले, "बाई, मी जिथं जातो तिथं लोक म्हणतात, इथं नको. जुना डेपो पेटतोय, तिथल्या लोकांचे हाल तुम्ही बघितलेत. मी रोजचा कचरा नेऊ कुठं?" ते भांडत नव्हते, खरंच विचारत होते.

"शहरात ओला-सुका वेगळा होतो?"

निरीक्षकांनी टेप गुंडाळायला सुरुवात केली.

"ज्याचं दुसरं काहीच करता येत नाही तेवढंच पुरायचं, असंही नियमात आहे ना?"

"आहे," साहेब म्हणाले. "आहे तसं."

ते जेवले नाहीतच. त्यांच्या ड्रायव्हरला मात्र कसला नियम नव्हता. त्याने कोपीमागे बसून आंबील दोनदा घेतली. मीही जेवले, किती ते लिहीत नाही. ज्यांना येळवशीला जायचं असेल त्यांनी ओळखीची वाट बघू नये, अमावस्येला अक्कलकोटच्या कुठल्याही फाट्यावर उतरावं. फक्त मुक्कामाची सोय शहरात करा आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची घ्या, कारण कुणी लवकर सोडत नाही.

पुण्याला येऊन महिना झाला असेल, महादेवीचा फोन आला. तिच्या बांधालगतची जागा रद्द झाली होती.

"सुटलीस बाई," मी म्हटलं.

"कसली सुटते. आता गायरानाचं दुसरं टोक धरलंय. तिथं विहीर नाही, घर नाही, सगळं नियमात बसतं. पण ती धनगरांची जागा. पावसाळाभर त्यांची मेंढरं तिथल्या ओढ्याचं पाणी पितात. आत्ता ते लोक कळप घेऊन बाहेर गेलेत. पाहणी लावली तर पुन्हा लिहितील, कुणी नव्हतं."

"मग?"

"ते परत येईपर्यंत पाहणी करू नका, असा ठराव घ्यायला लावलाय ग्रामसभेत. भाऊजी कुरकुरत होते, आपलं झालं की म्हणत होते. मी म्हटलं, त्यांनी आपल्या शेतात मेंढरं बसवली, लेंड्यांचं खत मिळालं, म्हणून ही ज्वारी उभी आहे."

मदरच्या समोर सरळ चालून दाखवणारी ती मुलगी मला तिच्या आवाजात दिसत होती.

"आणि ऐक," ती म्हणाली. "साहेब मला विचारून गेलेत, कचरा नेऊ कुठं. नुसतं इथं नको, तिथं नको म्हणून त्यांना परत पाठवता येणार नाही. तुमच्या सोसायटीत खत करतात म्हणालीस ना? कसं करतात ते नीट बघून घे. वास येतो का, किती जागा लागते, माणसं वेगळा करून देतात का. खरं खरं लिहून पाठव. मी नगरपालिकेत जाऊन त्यांच्यासमोर ठेवणार आहे."

"आणि इथं जमत नसेल तर?"

"तर तेही सांग. मग दुसरीकडे बघू. पण त्यांना उत्तर द्यायचंच."

फोन ठेवला आणि चपला घालून मी खाली उतरले. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत खताचे हौद आहेत, एवढं मला माहीत होतं. इतक्या वर्षांत त्यांचं झाकण उचलून कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी उचललं.