उद्याची ट्यूब

"मॅडम, माजे पोरीचे केस वितळले! बाहेर या! कोन असल ते बाहेर या!"

हा आवाज पार्लरच्या दारातून आला नाही, दाराला ढकलून आला. जुन्या पनवेलात तळ्यामागच्या गल्लीत माझं पार्लर आहे. आत एका बाईंचं फेशिअल चाललं होतं, त्यांच्या डोळ्यांवरच्या काकड्या उडून आरशाला चिकटल्या. कर्नाळ्याचे पक्षी त्या दिवशी भर दुपारी घरट्यात परतले, असंही मी नंतर लोकांना सांगितलं. कोणी खोटं म्हटलं नाही, कारण त्यांनी कमळाकरशेठना ऐकलेलं होतं.

कमळाकरशेठ ओवे गावचे. डंपरचा धंदा, गळ्यात होडी बांधून ठेवता येईल एवढी जाड चेन. त्यांच्या मागे त्यांची लेक प्राची. डोक्यावर टॉवेल, टॉवेलखाली हुंदके. संध्याकाळी तिची हळद होती आणि दुसऱ्या दिवशी लग्न.

मी टॉवेल काढला. केस होते, पण केसांसारखे नव्हते. अंबाड्याच्या घड्या जशाच्या तशा बसलेल्या, पिळून विसरलेल्या पोछ्यासारख्या. एक ओली बट धरून हलकेच ओढली. चांगला केस ताणून सोडला की जागेवर येतो. हा च्युइंगमसारखा लांब झाला आणि तिथेच राहिला. आणखी ओढली असती तर बट माझ्या हातात आणि शेठ माझ्या अंगावर आले असते.

"काय लावलंत?"

"केस सरळ करायची क्रीम," शेठ म्हणाले. "घरीच. मी लावली."

"तुम्ही?"

"मग कोन? हिची आई गेली तवा ही दुसरीत होती. तवापासनं येनी मीच घालतो."

"ब्युटिशियन ठरवलेली मॅडम," प्राची टॉवेलात तोंड खुपसून म्हणाली. "बाबांनी तिला चहा पाजून परत पाठवली."

"शेवटचंच हाय ना," शेठ म्हणाले. मघाचा भोंगा कुठे गेला कोण जाणे. "उद्यापासनं कोन मला हात लावू देतंय?"

"बरं. क्रीम धुतल्यावर न्यूट्रलायझर लावलंत?"

"काय?"

"डब्यात दोन ट्यूबा असतात. दुसरी कुठाय?"

शेठनी खिशातून ट्यूब काढली. गारेगार. "ही? ही उद्याची. एक हळदीची, एक लग्नाची. खराब व्हायला नको म्हनून फ्रीजमधे ठेवलेली, कोलंबीमागं."

मी हसणार होते, पण थांबले. ओव्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. दोन दिवस, दोन साड्या, दोन मंडप, दोनदा अख्खं गाव जेवायला. मग ट्यूबा दोन का आहेत, याचा दुसरा अर्थ त्या माणसाने लावायचा तरी कसा?

खरा अर्थ असा. प्रत्येक केसाच्या आत बारीक टाके असतात, त्यांच्यामुळे केस कुरळा किंवा सरळ राहतो. पहिली ट्यूब ते टाके उसवते. दुसरी, म्हणजे न्यूट्रलायझर, केस सरळ धरलेला असताना ते पुन्हा शिवते. मग कंडिशनर, म्हणजे वरचं अस्तर. शेठनी टाके उसवून तसाच अंबाडा बांधला होता. केस बिचारे अंबाड्याच्याच आकारात बसायला निघाले होते.

"कापावे लागतील?" प्राचीने विचारलं. "मॅडम, खरं सांगा. उद्या टक्कल घेऊन उभी राहू का मी?"

"माझ्या पार्लरमधून आजवर कोणी टक्कल घेऊन गेलं नाही. येताना घेऊन आलेत, जाताना नाही."

ती हसली नाही. मला तरी कुठे खात्री होती?

आधी कोमट पाण्याने केस धुतले, धुतले, धुतले. टाकीतलं पाणी संपलं असेल, गाढी नदीही थोडी खाली गेली असेल. शाम्पू नाही, चोळणं नाही. मग मागची एक बट घेऊन तिच्यावर न्यूट्रलायझर लावून पाहिलं. बट टिकली. पण पुढच्या केसांना हात लावला की पोर दचकून मान खेचायची, आणि अशा केसाला एक झटका पुरतो.

"शेठ, हात धुवा. इकडे या."

"माज्यामुळंच तर झालं."

"म्हणूनच या."

डंपरचं स्टीअरिंग फिरवून दगड झालेले ते हात. त्यांनी एकेक बट अशी उचलली, की जणू जाळ्यातून जिवंत मासळी सोडवताहेत. प्राचीची मान आपोआप सैल झाली. ते बट सरळ धरायचे, मी न्यूट्रलायझर लावायची, मोठ्या दातांचा कंगवा फिरवायची. फेशिअलवाल्या बाई चेहऱ्यावर पॅक वाळून भेगा पडल्या तरी हलल्या नाहीत.

धुवून, कंडिशनर लावून, पुन्हा धुवून मी एक बट ओढली. ताणली. सोडली. परत आली.

शेठ भिंतीकडे तोंड करून माझ्या रेट-कार्डाचा फार बारकाईने अभ्यास करू लागले.

दोन बोटं टोकं कापावी लागली, खाली थोडी वळणंही राहिली. मी सांगितलं, दोन दिवस केस बांधायचे नाहीत, आणि हळद गालाला, हाताला, डोक्याला नाही. "आमच्यात डोक्यावरच वततात," शेठ म्हणाले. पण ऐकलं, हळदीला ते लेकीच्या मागे तिच्या डोक्यावर परात धरून उभे राहिले आणि सख्ख्या बहिणीलासुद्धा हात वर नेऊ दिला नाही. लग्नात प्राचीचे मोकळे केस पाठीवर झुलत होते.

यातून शिकायचं एवढंच: एका डब्यातल्या दोन ट्यूबा एकाच दिवसाच्या असतात.

पुढच्या आठवड्यात शेठ कंडिशनर न्यायला आले.

"दर रविवारी लावायचं," मी म्हटलं. "टोकांना, मुळांना नाही. प्राचीला फोन करून सांगा."

"तिला कशाला? मी जातो ना उरनला."

"मुलीच्या सासरी? केस धुवायला?"

"हा."

"अहो, व्याही काय म्हणतील?"

शेठनी बाटली पिशवीत टाकली. "काय म्हनायचंय? काम अर्धं राह्यलंय."