टाकी रिकामी झाली त्या दिवसापासून

नळ चालू होता आणि मी न्हाणीत भिंतीला टेकून बसले होते. बादली भरून वाहत होती. मला ते दिसत होतं, पण हात पुढं करून नळ बंद करावा असं वाटत नव्हतं. बाहेरून सून दार बडवत होती. "आवं आत्या, दार उघडा! काय झालंय?" थोड्या वेळानं नळ फसफसला आणि थांबला. गच्चीवरची अख्खी टाकी मी मोरीत घालवली होती.

मी माणची. म्हसवडच्या पुढं आमची वस्ती. तिथं धुण्याचं पाणीसुद्धा झाडाला जातं. एकदा माझ्या हातून भरला हंडा सांडला, तर मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. अशा बाईनं टाकी सोडून दिली, तेव्हा मुलाला कळलं की आई रुसलेली नाही, आजारी आहे. तोवर तो म्हणायचा, "नवीन जागा हाय, रुळंल."

मालक गेल्यावर त्यानंच मला सांगलीला आणलं. त्र्याण्णव साल होतं. निघताना रांजणातलं उरलेलं पाणी मी दारच्या बोरीला ओतलं आणि हंडे जावेला दिले. जाऊ म्हणाली, "सुटलीस बाई. आता तोटी पिळायची की पाणी." मलाही तसंच वाटलं. पण वस्तीवर विहिरीच्या रांगेतच सगळं बोलणं व्हायचं. कोण कुणाशी भांडलं, कुणाची पोर माघारी आली, सगळं तिथं. मीही माझं सगळं तिथंच ओकून यायचे आणि हलकी होऊन हंडा उचलायचे. सांगलीत पाणी भिंतीतून यायचं आणि त्याच्याबरोबर कुणीच यायचं नाही. सून शाळेत शिकवायला, मुलगा कारखान्यात. मी आधी बोलायची थांबले, मग जेवायची.

मुलानं मला मिरजेला मनाच्या डॉक्टरणीकडं नेलं. ती वयानं माझ्या नातीएवढी. तिनं गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "रोज वहीत लिहायचं. मनात येईल ते."

"माझी चौथी झालीया नुसती."

"पुरे आहे की."

सुनेनं शंभर पानी वही आणली. पंधरा दिवस मी रोज एकच ओळ लिहिली. आज पाणी आले. डॉक्टरणीनं पानं उलटली आणि म्हणाली, "आजी, हे नळाचं झालं. तुमचं काय?"

मला राग आला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी आलं होतं, तो हा राग. घरी येऊन पान भरलं. सुनेची आमटी पाणचट असते. मुलगा पेपरातून डोकं वर काढत नाही. मालकांनी मला न विचारता जायला नको होतं. लिहिलं आणि वही उघडीच टाकून झोपले.

उठले तर सून समोर उभी. "आमटी पाणचट व्हय?"

"व्हय."

"मग उद्या तुमी करा. वहीत कशाला चुगल्या?"

केली. तिखट लय पडलं. सुनेच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तिनं दोनदा वाढून घेतली. तेही मी लिहिलं.

वहीनं बरं केलं असं मी म्हणणार नाही. गोळ्या दीड वर्ष खाल्ल्या, त्यांनी झोप दिली. वहीनं एवढंच केलं की विहिरीवर जे टाकून यायचे, ते टाकायला जागा झाली. अजूनही एखादा दिवस येतो, तेव्हा 'आज पाणी आले' एवढंच लिहून होतं. मग सून सुपात लसूण घालून ते माझ्यापुढं सरकवते आणि स्वतःही सोलायला बसते.

मागं सिद्धनाथाच्या रथाच्या जत्रेला गावी गेले होते. वस्तीवर आता दारात टँकर येतो, विहिरीवर कुणी जात नाही. जावेनं विचारलं, "तुला येड लागलं हुतं म्हनं?"

"आजारी हुते. औषध घेतलं, वही लिवली."

ती माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "मला कुठं येतंय लिवायला? तू माझं लिव."

दोन दिवस ती बोलली आणि मी नव्या वहीत लिहिलं. तिच्या पोटात एवढं साठलं असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यात चार पानं मला शिव्याच होत्या, मी सोडून गेले म्हणून. त्याही लिहिल्या. येताना ती वही तिच्या ट्रंकेत ठेवली आणि तिला म्हटलं, मिरजेला चल, डॉक्टरणीला दाखवू. येते म्हणाली आहे.

वस्तीवर दोन दिवस झाले की मला सांगलीची आठवण येते, सांगलीत वस्तीची. पूर्वी याचं रडू यायचं. आता दोन घरं आहेत असं समजते आणि जिथं असेन तिथं जेवते.

न्हाणीत बसलेली बाई मीच. नाव ठकूबाई, शिक्षण चौथी. जिवंत आहे.