मुरमुऱ्याची जोडी

दोन हजार बावीस साल. मला एकोणसत्तर पुरी झाली होती. त्या साली मी जे केलं ते आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही — मुलाच्या नाही, भावाच्या नाही. देवळात हात जोडले तरी तेवढं सोडून बाकीचं बोलतो. तुला सांगतो, कारण तू मला ओळखत नाहीस. समोर बसला असतास तर जमलं नसतं. चौथीपर्यंत शाळा झालेला माणूस मी, पुढचं मागं झालं तर सांभाळून घे.

गोष्ट सशाची आहे. हसलास? हस. मीही आधी हसलोच होतो.

आम्ही मूळचे माण तालुक्यातले. माझा जन्म मेंढरांमागं गेला. गुडघे धरले तसा कळप विकला आणि रहिमतपुरात मुलाच्या घरी येऊन राहिलो. मुलगा फौजेत, सुट्टी मिळेल तेव्हा येणार. घरात मी, सून रूपाली आणि नात आरू — ती तेव्हा पाचवीत. दोन खोल्या, मागं लहानसं परडं, परड्याला बोळात उघडणारं पत्र्याचं दार. मुलानं एका सुट्टीत आरूला सशांची जोडी आणून दिली होती. नावं तिनंच ठेवली, मुरमुरा आणि बत्ताशी. बाप परत गेला की पोरगी त्या दोघांजवळ बसायची आणि बापाला सांगायचं ते त्यांना सांगायची.

उन्हाळ्यात बत्ताशी मेली. ऊन लागलं की काय झालं, कळलं नाही. मुरमुरा एकटा उरला.

मेंढरू दुखलं तर बेंबटतं, पाय आपटतं, काहीतरी कळतं तरी. ससा आवाजच करत नाही. बत्ताशी ज्या कोपऱ्यात निजायची तिथं तो तोंड घालून बसला. गवत तसंच, गाजर तसंच. पाठीवर हात फिरवला की मणका लागायचा. आणि त्याच्याबरोबर पोरगीही ताटावरून उठायला लागली. फोनवर बापाला म्हणाली, "पप्पा, ह्यो बी मरणार." तिनं फोन माझ्या हातात दिला. मग मुलगा मला म्हणाला, "आण्णा, कायबी करा. तुमाला जनावराचं कळतंय."

तुमाला जनावराचं कळतंय. गड्या, हे मला चढलं. का नाही चढणार? गाव सुटलं, कळप गेला, गुडघे गेले. तेवढंच एक राहिलं होतं ना माझ्याकडं?

रूपाली त्याला पिशवीत घालून साताऱ्याला जनावरांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, एकटा पडलाय, जोडीदार बघा. पण एकदम एकत्र सोडू नका. आधी नर का मादी ते इथं आणून दाखवा. मग दोन पिंजरे शेजारी, मध्ये वीतभर जागा. ह्याचं अंथरूण त्याला, त्याचं ह्याला. खाणं एकाच वेळी. वास ओळखीचा झाला की जिथं दोघंही कधी राहिले नाहीत अशा जागी थोडा थोडा वेळ सोडायचं. रूपालीनं हातवारे करून सगळं सांगितलं. मी म्हणालो, "लगीन हाय का काय सशाचं?" आरू हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती. मला वाटलं, झालं माझं काम.

जोडीदार शोधायला मीच निघालो. साताऱ्यात पोपट मिळत होते, काचेतले मासे मिळत होते. कऱ्हाडात एकजण उद्या या, उद्या या करत राहिला. घरी आलो की आरू दारातच उभी असायची. माझ्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडं बघायची आणि आत जायची. शेवटी सांगलीत एका कोंबडीवाल्याच्या दुकानामागं ससे सापडले.

"आजोबा, खायला पायजे का पाळायला?"

"नातीला पायजे. मादी दे."

"ल्हान हाईत अजून. नक्की सांगता येत न्हाई. डॉक्टरला दाखवून घ्या."

मी एक करड्या रंगाचा उचलला, उताणा केला, बोटानं शेपटाखाली बघितलं. "ही मादी हाय," मी म्हणालो. "मेंढरं राखून केस पिकलं माझं, मला शिकवू नगंस."

तो हसला. "मग माझं दुकान तुमीच चालवा की."

एसटीत मांडीवर वेताची पाटी घेऊन बसलो होतो. आत ते थरथरत होतं. मला ठाऊक होतं का ते मादी आहे? नव्हतं. केसात काही दिसलं नव्हतं. घरी रूपालीनं विचारलं, "आण्णा, आधी डॉक्टरला दाखवायचं ना?" मी म्हणालो, "मी बघितलंय." तिनं पाटी उचलून आत नेली. माझ्यापुढं ती बोलायची नाही.

इथपर्यंत मी सांगू शकतो. इथपर्यंत चूक म्हणता येईल.

रूपालीनं डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं सुरू केलं. दोन पिंजरे, अंथरुणाची अदलाबदल, दोघांना एकदमच कोथिंबीर. आरू तिच्या मागं मागं. "आई, आता जवळ आणू का?" "आई, ह्यानं कान टवकारलेत, म्हणजे काय?" आई, आई. मी बाजेवर बसून ऐकत होतो. जनावराचं होतं सगळं, आणि मला कुणी विचारत नव्हतं. माझी सून शहरातल्यासारखी शिलाईच्या क्लासला जाणारी, शेळीचं दूध कधी काढलं नाही तिनं — आणि माझी नात तिला विचारत होती.

मी सुरुवातीला म्हणत राहिलो, असं करत बसाल तर तो मरंल. वाळलाय बघा. मला खरंच तसं वाटत होतं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं. पण एक गोष्ट आहे. ही मला लिहायचीच नव्हती, दोनदा कागद बाजूला ठेवला. ज्या दिवशी मी ते केलं, त्या दिवशी सकाळी मी मुरमुऱ्याला खाताना पाहिलं होतं. जाळीला नाक लावून, पलीकडं तो करडा खात होता त्याच्याकडं बघत, मुरमुऱ्यानं कोथिंबिरीची अख्खी काडी संपवली. घरात मी एकट्यानंच ते पाहिलं. रूपालीचं बरोबर चाललं होतं. दोघींना हाक मारून दाखवायला पाहिजे होतं की नाही? मी हाक मारली नाही.

आरू शाळेला गेली. रूपाली घंटागाडीत कचरा टाकायला मागच्या दारानं बोळात गेली, परत आली, कडी लावली, आणि पुढच्या दारानं क्लासला गेली. कडी लावल्याचा आवाज मी ऐकला होता. हे ध्यानात ठेव.

आमच्यात नवी मेंढी कळपात घालायची एक रीत आहे. जुन्या मेंढरांच्या लेंड्या तिच्या अंगाला चोळायच्या आणि सगळ्यांना जाळीच्या वाडग्यात, म्हणजे मेंढरांच्या कुंपणात, दाटीनं कोंबायचं. मोकळी जागा ठेवायची नाही. मागं सरायलाच जागा नसली तर ढुशी मारणार कशी? सकाळपर्यंत सगळी एका वासाची होतात. मी हे शेकडो वेळा केलेलं. मी मुरमुऱ्याच्या लेंड्या करड्याच्या अंगाला चोळल्या. मुरमुऱ्याच्या पिंजऱ्यात आडवी फळी घालून जागा निम्मी केली. करड्याला आत सोडलं आणि वरून पोतं टाकलं. मनात आरूचा चेहरा होता. शाळेतून येईल, पोतं उचलीन, दोघं अंगाला अंग लावून बसलेले असतील. म्हणेल, आण्णा, हे तुमी केलं?

मेंढरू ढुशी मारतं. ससा मागच्या पायांनी फाडतो. हे मला माहीत नव्हतं.

पोत्याखाली धडपड सुरू झाली. मी म्हणालो, चालायचंच, ओळख होतेय. मग एक आवाज आला. ससा ओरडतो, गड्या. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. लहान मूल दचकून ओरडावं तसं. आणि तरी मी पोतं लगेच उचललं नाही. का नाही उचललं? उचललं असतं तर मी चुकलो होतो, म्हणून. आवाज थांबेपर्यंत मी बाजेवर बसून राहिलो.

दोघंही नर होते. हरलेल्याला पळायला जागा नव्हती, ती मीच काढून घेतली होती. मुरमुऱ्याचं पोट फाटलं होतं. माझ्या हातात आल्यावर थोडा वेळ पाय हलवले त्यानं.

मग मी काय केलं ते सांगतो. करड्याला त्याच्या पिंजऱ्यात परत ठेवलं. कानाला ओरखडा होता, केसात दिसत नव्हता. फळी काढून धुतली आणि जळणात टाकली. मुरमुऱ्याला परड्याच्या मधोमध मातीत ठेवलं. आणि बोळाच्या दाराची कडी माझ्या हातानं काढली, दार हातभर उघडं ठेवलं.

दोघी एकदमच आल्या. मी म्हणालो, त्याला पाय मोकळे करायला सोडला होता. मागचं दार लावलेलंच असंल असं धरून चाललो. कुत्रं आत आलं. मी ओरडलो, पण गुडघे…

आणि रूपालीकडं बघितलं. एवढंच. नाव घ्यायची गरज पडली नाही. आरूनंच विचारलं, "आई, कचरा टाकून आल्यावर कडी लावलीस का न्हाई?"

रूपालीनं तोंड उघडलं. "लावली होती," ती म्हणाली. मग दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं. "लावली होती वाटतं." माझ्यासारखा माणूस खोटं बोलेल हे तिच्या डोक्यातच येईना. थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाली, "इसरले असंन." ती माझं खोटं मानायला लागली हे मी उभ्या उभ्या बघितलं. संध्याकाळी चहाचा कप माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "आण्णा, तुमी एवढं सांगलीपर्यंत जाऊन आणलंत, आन माझ्यामुळं असं झालं." मी चहा घेतला.

मुलगाही फोनवर तिला लय बोलला. तिनं ऐकून घेतलं.

आरू आता नववीत आहे. त्या वर्षी कितीतरी महिने ती आईच्या हातचा डबा नेत होती पण आईशी बोलत नव्हती. अजूनही दोघींचं वाजलं की तिच्या तोंडी येतं, "तुझ्या भरवशावर काय सोडायचं?" शाळेत काही अडलं, पोट दुखलं, तर पोरगी माझ्याकडं येते. मला विचारते. मला हवं होतं तेच मिळालं, बघ.

करडा दोन वर्षं एकटाच जगला. त्याला जोडी बघू असं म्हणायचं तोंड घरात कुणाला नव्हतं.

रूपाली विसराळू नव्हती. आता झाली आहे. गॅस बंद केला का, नळ बंद केला का, कुलूप लावलं का, अर्ध्या रस्त्यातून परत येते. स्वतःवर विश्वास बसतच नाही तिचा. शेजारणी हसतात. मी समोर बाजेवर बसलेला असतो.

मुरमुरा मेला त्या रात्री ती जेवली नव्हती. मला अजून वेळ होता. रात्रभर होता. सकाळी उठून दोन शब्द बोललो असतो तर आरू माझ्यावर रागावली असती, एवढंच ना?

सकाळी मी अंघोळ केली, टोपी घातली आणि हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडाची जाड कडी आणली. जुनी उपटून टाकली, नवी दाराला ठोकली. आरू दप्तर घेऊन निघाली होती, तिला थांबवलं. रूपालीला हाक मारून बाहेर बोलावलं. आणि पोरीच्या समोर म्हणालो, "आता लावून दाखव." तिनं पदराला हात पुसले आणि लावून दाखवली. मी म्हणालो, "परत."